आराम केला की दुखणारी कंबर

आमच्याकडे मालवणजवळ देवबागला सकाळी सहाला चहा लागतो. पाहुणे डॉल्फिन बघायला निघणारे असतील तर साडेपाचलाच. घरातल्या चार खोल्या आम्ही पर्यटकांना देतो आणि न्याहारीचं खातं माझ्याकडे आहे. घावणे-चटणी, नाहीतर आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. बिडाच्या तव्यावर एकेक करून वीस-पंचवीस घावणे काढायचे म्हणजे तासभर उभं राहणं आलं. ते मला कधी जड गेलं नाही. जड जायचं ते त्याच्या आधीचं, बिछान्यातून उठून तव्यापर्यंत पोचणं.

पहाटे तीन-साडेतीनला कंबरच मला उठवायची. उजव्या बाजूला कमरेच्या खाली, कुल्ल्याच्या वर जिथे खळी पडते, तिथे आत खोल कोणीतरी खिळा ठोकून ठेवल्यासारखं वाटे. कूस बदलायची तर आधी श्वास रोखायचा. बाहेर मासेमारीच्या होड्यांची इंजिनं सुरू व्हायची, ती मोजत पडून राहायचं. पाचला उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली, मग खिडकीचे गज धरून उभं. कंबर निव्वळ लाकूड. न्हाणीघरात कढत पाणी ओतून घेतलं की ते लाकूड जरा भिजायचं आणि सातव्या-आठव्या घावण्याला मी माणसात यायची. दहा वाजता खोल्यांतल्या चादरी बदलताना मला कोणी पाहिलं असतं, तर पहाटेची बाई ती हीच यावर त्याचा विश्वास बसला नसता.

सासूबाईंचा नव्हताच बसत. "निजान उठल्यार दुखता नि काम केल्यार थांबता? ह्यां खंयचा गो दुखणां!" त्यांना तरी काय बोलणार? कामाने दुखतं आणि आरामाने थांबतं, हे सगळ्या जगाला माहीत. माझं गाडं उलटं. दुपारी दोन तास आडवी झाले की चारला पुन्हा पहाटेचीच गत. पावसाळ्यात आमचा धंदा बंद असतो, तेव्हा सगळे म्हणायचे, आता हिच्या कमरेला विसावा मिळेल. नेमकी त्याच चार महिन्यांत ती सगळ्यात जास्त धरायची. खापर दमट हवेवर फुटायचं.

हे सुरू झालं लेक झाल्यानंतर वर्षभरात. तेव्हा मी २८ वर्षांची होते. आईचं मत, शेक-शेगडी नीट घेतली नाहीस. एका डॉक्टरांचं मत, बाळंतपणानंतर बायकांच्या कमरा जातातच. दुसऱ्यांनी एक्सरे काढून 'मणक्यात गॅप' सांगितला आणि कमरेला पट्टा दिला. पट्ट्याने मी आणखीच आखडले. उंडीचं तेल चोळून झालं. घरच्यांनी देवळात गाऱ्हाणं घातलं. तीन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात "कमरेत स्टेरॉईडचं इंजेक्शन देऊ" म्हणाले. मला उभं करून, अंगठ्याने दाबून जिथे मी 'आई गं' म्हटलं तिथे सुई टोचली. दोन दिवस बरं वाटलं, पुढे काही नाही. त्या इंजेक्शनची आठवण ठेवा, पुढे लागणार आहे.

एवढ्या वर्षांत मला कोणी विचारलं नाही की सकाळी उठल्यावर कंबर किती वेळ आखडलेली असते. तो प्रश्न विचारला कुडाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये माझा उजवा डोळा लाल झाला. घरात सगळ्यांनी डोळे आले म्हणून ठरवलं. मलाही तसंच वाटलं, कारण आधी दोनदा असंच होऊन गेलेलं. पण डोळे आले की चिकटतात, घाण येते. इथे तसलं काही नव्हतं. नुसता ठणका आणि उजेड अजिबात सोसत नव्हता. आमच्या पांढऱ्या वाळूवर ऊन पडलं की डोळ्यात सुया घुसायच्या. डॉक्टरांनी यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगितली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे डोळे येणं नाही. आत सूज आहे, युव्हायटिस." मग चिठ्ठी लिहिता लिहिता मान वर न करता विचारलं, "कंबर दुखते का? सकाळी उठल्यावर?"

मला क्षणभर वाटलं, सासूबाईंनी फोन केला की काय.

त्यांनी समजावलं की डोळ्याची ही सूज आणि कमरेतला एक विशिष्ट संधिवात, स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस, पुष्कळदा एका घरचे असतात. डोळ्यात घालायला स्टेरॉईडचे थेंब दिले, बाहुली मोठी करणारे दुसरे थेंब दिले आणि कोल्हापूरला संधिवाताच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. थेंबांनी डोळा आठवडाभरात निवळायला लागला. म्हणजे ज्या औषधाच्या नावाने मी पुढे दोन महिने घाबरणार होते, ते आधीच डोळ्यात जाऊन आपलं काम करून बसलं होतं.

देवबागहून कोल्हापूर म्हणजे मालवण, कसाल, कणकवली आणि मग फोंडाघाट चढून राधानगरीच्या रस्त्याने. साडेचार तास. घाट मला फार आवडतो, पण एका जागी बसून राहिलेल्या कमरेला घाट दिसत नाही. नवऱ्याला दाजीपूरच्या पुढे दोनदा गाडी थांबवायला लावली, केवळ चार पावलं चालायला.

संधिवाताच्या डॉक्टर बाई होत्या. पहिल्यांदा म्हणाल्या, "एका बोटाने दाखवा कुठे दुखतं." मी कमरेवर तळहात फिरवायला लागले तर हात धरला. "तळहात नको. एक बोट." मी बोट ठेवलं खळीवर. मग पलंगावर उताणी झोपवून उजवं पाऊल डाव्या गुडघ्यावर ठेवलं, म्हणजे पायांचा आकडा चार झाला, आणि उजवा गुडघा हळूच खाली दाबला. मी ओरडलेच. अशा चार-पाच तऱ्हा केल्या. त्या म्हणाल्या की एकाच चाचणीवर काही ठरत नाही, पाचांतल्या तीन दुखल्या की संशय या सांध्यावर जातो.

हा सांधा म्हणजे सॅक्रोइलियाक, सगळे 'एसआय जॉइंट' म्हणतात. मणक्यांच्या माळेच्या शेवटी जे त्रिकोणी हाड असतं ते त्रिकास्थी, आणि दोन्ही बाजूंची खुब्याची पसरट हाडं. ती जिथे जुळतात तो हा सांधा, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. तो गुडघ्यासारखा वाकत नाही, जेमतेम हलतो. धडाचं सगळं ओझं पायांकडे जातं ते त्याच्यातून. माझा जुना एक्सरे या सांध्याचा नव्हताच, तो वरच्या मणक्यांचा होता. आणि सांध्याचा काढला असता तरी दिसलं नसतं, कारण एक्सरेत फरक दिसायला या आजारात वर्षं जातात. तोवर सूज आत चालूच असते.

एमआरआय झाला, ६,५०० रुपये. त्यात एक असा प्रकार असतो की साधं हाड काळपट दिसतं आणि सुजलेलं पांढरं. उजव्या सांध्याच्या दोन्ही काठांना पांढरा पट्टा होता, सोलकढी सांडून पुसायची राहिल्यासारखा. डावीकडे अगदी थोडा. रक्तात सूज दाखवणारं सीआरपी वाढलेलं. एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह. बाईंनी लगेच सांगितलं, या जनुकाचा बाऊ करायचा नाही, ते असणाऱ्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. लेकीची तपासणी आत्ता करायची नाही, तिला काही होत नसताना कशाला? पण घरात अजून कोणाला असं होतं का?

आणि मला बाबा आठवले.

बाबा रापणीवर जायचे. जाळं ओढून ओढून पाठ गेली असं सगळे म्हणत. पन्नाशीत त्यांची पाठ पुढे वाकली आणि मान वळेनाशी झाली. रस्त्यात कोणी हाक मारली तर अख्खे वळून बघायचे, आणि कधीकधी त्याचाही कंटाळा येऊन तसेच पुढे जायचे. वाडीत त्यांना 'ताठ मानेचो' म्हणत. घमेंडखोर या अर्थाने. त्यांचा डोळाही अधूनमधून लाल असायचा, तो दारूच्या खात्यावर जमा. बाबा दारूला शिवत नसत. मी हे सगळं सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, माणूस समोर नाही, मी काही सांगू शकत नाही. बरोबरच आहे. पण परतीच्या घाटात मी दुसरा कसला विचार केला नाही.

आधी गोळ्या. नॅप्रोक्सेन सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर, सोबत पोटाची गोळी. माझ्या समजुतीप्रमाणे दुखेल तेव्हा घ्यायची ती वेदनाशामक. बाई म्हणाल्या, दुखलं तर घेऊ असं नाही, रोज, सूज उतरवायला. तीन आठवड्यांत डावी बाजू निमाली. उजवी निम्म्यावर आली आणि तिथेच अडून बसली. दुसरी गोळी दिली तिच्याने पोट जळायला लागलं. पुढची पायरी बायॉलॉजिकल इंजेक्शनं, म्हणजे सूज पेटवणारं प्रथिनच अडवणारी, पंधरा दिवसांनी एक, घरीच पोटाच्या कातडीत टोचायची. त्याआधी क्षयाची तपासणी सक्तीची, कारण त्या औषधाने आत झोपलेला क्षय जागा होऊ शकतो. छातीचा एक्सरे स्वच्छ आला, पण रक्त म्हणालं, जंतू कधीतरी येऊन झोपलेत. म्हणजे आधी सहा महिने क्षयाच्या प्रतिबंधक गोळ्या, आणि त्यातला निदान एक महिना गेल्याशिवाय पुढचं औषध नाही. शिवाय खर्चाचं गणित होतंच. आणि दिवाळी तोंडावर. दिवाळी ते नाताळ म्हणजे आमचं वर्षभराचं पोट.

"मधल्या काळासाठी उजव्या सांध्यातच औषध सोडता येईल," बाई म्हणाल्या. स्टेरॉईड.

घरी हा शब्द उच्चारला आणि सभा भरली. दिराला आठवले जिममधले पोरगे. ते स्टेरॉईड वेगळं, हे वेगळं, सूज मारणारं, हे मलाही तेव्हा धड सांगता येत नव्हतं. शेजारच्या काकी म्हणाल्या, पाठीत सुई घेतली की पाय लुळे पडतात. पण खरी भीती होती ती आमच्याच वाडीतल्या एका मावशींची. गुडघ्यांसाठी त्या एका माणसाकडून 'झाडपाल्याच्या' पुड्या घ्यायच्या. पहिल्या आठवड्यात पळायला लागल्या. वर्षभराने तोंड चंद्रासारखं गोल, कातडी कागदासारखी, साखर वाढलेली, आणि पुडी थांबवली तर उठवेना. पुडीत काय होतं ते तपासल्यावर कळलं. स्टेरॉईडच.

मी हा किस्सा बाईंना सांगितला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, औषध तेच आहे, भीतीही खरी आहे. १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या एका बाईला कॉर्टिझोन पहिल्यांदा दिलं, तेव्हा अंथरुणावरची ती बाई चार-पाच दिवसांत चालायला लागली. १९५० ला त्यावर नोबेल मिळालं. आणि मग लोकांना रोज देत राहिल्यावर कळलं की किंमत काय पडते. तुमच्या मावशींनी ते रोज, पोटातून, सगळ्या अंगाला दिलं. मी एकदा, एका सांध्यात, ४० मिलिग्रॅम देणार. थोडं रक्तात उतरेल, नाही असं नाही. आणि तुमच्या या आजारात तोंडाने स्टेरॉईड घेत राहण्यात तर अर्थच नाही, पाठीला त्याचा फारसा फायदा होत नाही.

मी विचारलं, आधी एकदा घेतलंय की, काही झालं नाही. कसं घेतलं ते सांगितल्यावर म्हणाल्या, "ते सांध्यात गेलंच नसणार." हा सांधा खोल, वाकडातिकडा, फट इतकी बारीक की बोटाने चाचपून सुई टाकली तर ती बहुतेक वेळा बाजूच्या मांसात नाहीतर स्नायुबंधात जाते. आत जायचं तर डोळे लागतात, म्हणजे सी-आर्म, चालता एक्सरे.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर वेदनातज्ज्ञ बसत. मूळचे भूलतज्ज्ञ, उतारवयाचे, बोलणं कोल्हापुरी. तारीख मिळाली ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातली, १४,००० रुपये. आदल्या दिवशी जाऊन आत्याकडे राहिलो, नवऱ्याची आत्या. उपाशीपोटी यायला सांगितलं होतं.

सिस्टरने प्रश्नांची यादी काढली. रक्त पातळ करायची गोळी? नाही. साखर? नाही. ताप, फोड, लघवीला जळजळ? नाही. शेवटची पाळी कधी? एक्सरे आहे म्हणून. ते सांगितलं. मग विचारलं, "मासे, कोळंबी, असलं खाऊन कधी अंगावर पित्त उठलंय?"

मी म्हटलं, सिस्टर, तसं असतं तर मला आमच्या गावाने कधीच बाहेर काढलं असतं.

डॉक्टरांनी ऐकलं, म्हणाले, "ते जुनं खूळ हाय, फॉर्मात राहिलंय." सांध्यात आधी जो रंग सोडतात त्यात आयोडीन असतं, आणि मासे म्हणजे आयोडीन, असा कोणीतरी सांधा जोडला होता. कोळंबीचं पित्त उठतं ते तिच्यातल्या प्रथिनाने, त्याचा या रंगाशी संबंध नाही. आधी कधी असा रंग घेऊन त्रास झालाय का, एवढं मात्र खरंच सांगायचं असतं.

माझ्या शेजारच्या खुर्चीत मधुमेहवाल्या एक आजी होत्या. त्यांना सांगत होते की सुईनंतर आठवडाभर साखर चढेल, रोज तपासा, घाबरून जाऊ नका पण दुर्लक्षही नको. आजी म्हणाल्या, "म्हंजी दिवाळीचा फराळ न्हाईच की." डॉक्टर गप्प.

आत टेबलावर पालथी झोपवलं, पोटाखाली उशी. कंबर उघडी. बेटाडीन इतकं गार की मी दचकले. वर हिरवं कापड, त्याला फक्त एक खिडकी. सी-आर्म म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारखी कमान, माझ्या वरखाली फिरणारी, आणि डावीकडे पडद्यावर माझीच हाडं, राखाडी. डॉक्टर कमान थोडी इकडे, थोडी तिकडे कलवत राहिले. विचारलं तर म्हणाले, सांध्याचा पुढचा काठ आणि मागचा काठ पडद्यावर एकावर एक यायला हवेत, तोवर सुई हातात घ्यायची नाही. दोन-तीन मिनिटं तेच चाललं. मला ते फार बरं वाटलं. तव्याचा ताप बघितल्याशिवाय पीठ ओतू नये, तसलं काहीतरी.

बधिर करायची सुई आधी. ती झोंबली, मधमाशीसारखी, दहा सेकंद. मग लांब सुई. कातडीत कळली नाही. खाली जाताना दाब कळत होता, वेदना नाही, जणू कोणी दाट रबरातून काडी सारतंय. सांध्याच्या खालच्या भागातून शिरायचं असतं, तिथे वाट जरा सोपी. एकदा हाडाला लागली, थांबले, एक्सरे, किंचित मागे, कोन बदलला, पुन्हा. मग काहीतरी 'आत गेलं' असं मलाही कळलं. रंगाचे काही थेंब. पडद्यावर एक बारीक काळी रेघ वरपर्यंत सरकत गेली, ओहोटीला पाणी वाळूवर ओघळ काढतं तशी. "बघा, ह्यो तुमचा सांधा," डॉक्टर म्हणाले.

मग औषध. ट्रायमसिनोलोन आणि बधिर करणारं बुपिव्हाकेन, दोन्ही मिळून जेमतेम दोन मिलिलीटर, कारण सांध्यात याहून फार मावतच नाही. आणि ते आत ढकलताना पहाटे तीनचं दुखणं, जसंच्या तसं, भर दुपारी, उजेडात, टेबलावर. तोच खिळा. कुल्ल्यातून मांडीच्या मागे उतरणारी तीच कळ.

"हेच का तुमचं दुखणं?"

"हेच," मी म्हटलं, आणि रडायला लागले. सिस्टरला वाटलं फार दुखतंय. दुखत होतंच. पण नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्या दुखण्यावर बाहेरून बोट ठेवलं होतं. गॅप नव्हे, कॅल्शियम नव्हे, शेक-शेगडी नव्हे. इथे आहे ते.

सगळं मिळून वीस मिनिटं.

अर्ध्या तासाने उभं केलं. उजवा पाय थोडा जड, बधिर, म्हणून सिस्टरच्या खांद्यावर हात. हे तासा-दोन तासांत जातं आणि गेलं. पुन्हा तोच आकडा चार, गुडघा दाबला, आणि मी वाट बघत राहिले दुखायची. दुखलं नाही. एक कागद दिला, दर तासाला शून्य ते दहा यांत दुखण्याला आकडा द्यायचा. दुपारी दोनला मी एक लिहिलं. तीनला एक. चारला एक. आत्यांच्या घरी जमिनीवर मांडी घालून जेवले. नवरा म्हणाला, झालं की काम. त्याला डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की हा आनंद बधिर करणाऱ्या औषधाचा आहे, स्टेरॉईड अजून कामाला लागलेलं नाही. पण या चार-पाच तासांनाच मोल आहे. सांधा बधिर केल्यावर दुखणं गेलं म्हणजे दुखणं सांध्याचंच. तो कागद नीट जपून आणा.

संध्याकाळी सातला चार. रात्री दहाला आठ.

ती रात्र मला कोणी शंभर वेळा सांगितली असती तरी तयारी झाली नसती. सुईची जागा ठणकत होती आणि आतला सांधा नेहमीपेक्षा जास्त. चेहरा लालबुंद, कानशिलं तापलेली, ताप मात्र नाही. झोप शून्य. मेंदू टक्क जागा, दिवाळीच्या फराळाचे हिशोब करतोय. दोन वाजता आत्या उठून आल्या, डोक्यावर हात ठेवून बसल्या आणि म्हणाल्या, "पोरी, तुझ्या अंगात काय भरलंय त्यांनी?" चेहऱ्याची लाली आणि झोप उडणं हे दोन-तीन दिवस राहू शकतं, आणि सुईनंतर पहिले एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं, हे कागदावर लिहून दिलेलं होतं. बर्फ आणि पॅरासिटामॉल. ताप आला, जागा लाल होऊन सुजली, पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर मात्र तडक फोन. रात्रभर मी तो कागद वाचत होते, पाठ झाला.

जे लिहिलेलं नव्हतं तेही सांगते, कारण नंतर दोन बायकांनी मला हेच विचारलं. माझी पाळी दहा दिवस आधी आली आणि मग अर्धवट अशी आठवडाभर राहिली. मी घाबरून फोन केला तेव्हा सिस्टर सहज म्हणाली, होतं असं स्टेरॉईडने, पुढच्या महिन्यात जागेवर येईल. आली. पण शेवटच्या पाळीची तारीख विचारणाऱ्यांनी पुढच्या पाळीबद्दल एक वाक्य लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

दुसरा दिवस वाईट. तिसऱ्या दिवशी घाट उतरून घरी आलो. सासूबाईंनी काही विचारलं नाही, फक्त माझ्या चालीकडे बघत होत्या. चौथ्या दिवशी थोडं कमी. पाचव्या की सहाव्या दिवशी, नक्की आठवत नाही, गजर वाजला आणि मी उठून बसले. उठून बसल्यावर लक्षात आलं की मी कुशीवर वळून, पाय खाली सोडून, गज धरून वगैरे काही केलं नाही. होड्यांची इंजिनंही ऐकली नव्हती. स्वयंपाकघरात सासूबाई आधीच पोचलेल्या, नारळ खवत होत्या. म्हणाल्या, "अगो, आज पाच मिनटांत इलंस?"

दिवाळी निभावली. नाताळच्या आठवड्यात चारही खोल्या भरलेल्या, रोज तीस-पस्तीस घावणे. दुखणं शून्य नव्हतं, दोनवर होतं. दोन म्हणजे विसरता येण्यासारखं.

पण डॉक्टरांनी एक अट घातलेली. हे औषध सांधा बरा करत नाही, सूज दाबून तुम्हाला काही आठवडे मोकळे देतं, फार झालं तर काही महिने. त्या काळात व्यायाम केला नाही तर पैसे पाण्यात. फिजिओथेरपिस्टने पोहायला सांगितलं. आता गंमत बघा, एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधल्या पट्टीवर माझा जन्म गेला आणि मला पोहता येत नाही. आमच्याकडच्या कितीतरी बायकांना येत नाही, पाणी हे पुरुषांचं. पोहणं अजून शिकतेच आहे, लेक शिकवते. तोवर सुकतीला, म्हणजे ओहोटीला, ओल्या, घट्ट वाळूवर पाऊण तास चालायचं. कोरड्या वाळूत नाही, तिथे पाय रुततो आणि कंबर वाकडी पडते. मग पालथी झोपून छाती उचलायचे, फासळ्या फुगवून श्वास घ्यायचे व्यायाम. चालायला जायचं म्हणजे घरात 'कामाच्या वेळी ही कुठे निघाली' हे ऐकून घ्यावं लागतं. नवऱ्याने सुकतीचं वेळापत्रक फ्रिजवर लावलं, तेव्हापासून बोलणं जरा कमी झालं.

जानेवारीच्या मध्यावर, म्हणजे अकराएक आठवड्यांनी, पहाटे पुन्हा जाग आली. साडेतीन. खिळा नव्हता, पण त्याची जागा कळत होती. मी आणखी एक सुई मागितली. बाई नाही म्हणाल्या. इतक्या लवकर नाही, आणि वर्षातून वारंवार तर नाहीच, त्या सांध्याला आणि बाकीच्या शरीरालाही ते मानवत नाही. पहिल्या सुईने तिचं काम केलं, दुखणं कुठे आहे ते दाखवलं आणि सीझन काढून दिला, आता मूळ औषधाकडे वळू. क्षयाच्या गोळ्या चालू होऊन तीन महिने झालेले. फेब्रुवारीत बायॉलॉजिकल सुरू झालं, भारतात बनणारं, मूळ परदेशी औषधापेक्षा पुष्कळ स्वस्त, तरी आम्हाला एक खोली रंगवायची पुढे ढकलावी लागली. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. लेकीने डब्यावर कागद चिकटवलाय, 'इथे सुरमई ठेवू नये.'

एप्रिलमध्ये भावाचा मुंबईहून फोन आला. तो ३३ वर्षांचा, माझ्याहून चार वर्षांनी लहान. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, कंबर दुखते गो, लोकलच्या धक्क्यांनी असेल, डॉक्टरने गॅप सांगितलाय, पंधरा दिवस आराम करायला सांगितलाय.

मी विचारलं, "राती तीनाक जाग येता?"

"तुका कोणी सांगल्यान?"